टाच नसलेले मोजे

तुमच्या अंगावर फिकट चट्टा असेल, आणि त्यावरून मुंगी चालत गेलेली दिसते पण कळत नाही असं असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि आधी सरकारी दवाखान्यात जा. गोळ्या फुकट मिळतात. बाकीचं परत आल्यावर वाचा.

मला हे सांगणारं कुणी भेटलं नाही. एका डॉक्टरने माझ्या चट्ट्याला गजकर्ण म्हटलं, दुसऱ्याने उष्णता. दोघांचीही मलमं मी इमानाने चोळली. रोग आत निवांत बसून होता.

कुष्ठरोग. लिहून टाकला शब्द. दवाखान्यात त्याला 'तो आजार' म्हणतात, गावात 'रगतपिती' म्हणतात, तेही आवाज खाली आणून, आणि आई अजून 'तुझं ते हाताचं' एवढंच म्हणते.

मी कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवरचा. वडील गेल्यावर घरात तिघंच: आई, मी आणि धाकटी बहीण सोनल. सोनल लग्न होऊन देवळाली प्रवरेला गेली. मी पोरांबरोबर मंडळ चालवतो. टँकर आला नाही, रेशन कमी दिलं, स्मशानभूमीचा रस्ता कुणी नांगरून टाकला, की आमचं पत्रक निघतं. लिहायचं काम माझ्याकडे. तेव्हा हेही पत्रकासारखं वाटलं तर चालवून घ्या. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

खळीची बादली

पोस्टर चिकटवायला आम्ही मैद्याची खळ शिजवतो. विकतच्या डिंकापेक्षा ती घट्ट बसते, फाडणाऱ्याची नखं जातात पण कागद निघत नाही. त्या दिवशी बादली चुलीवरून नुकती उतरली होती. गुठळ्या राहिल्यात का बघायला मी हात घातला आणि तसाच ढवळत राहिलो.

"आरं, हात हाय का पळी?" एक जण ओरडला. सगळे हसले. मी जास्त हसलो. मला वाटलं, कामाने हात तयार झालाय. भिंतीवर पोस्टर लावता लावता मी ते दोघा-तिघांना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

सकाळी करंगळीपासून मनगटापर्यंत फोड. आमच्या वस्तीवरच्या आशाताई दुसऱ्याच कामाला आल्या होत्या. त्यांनी हात बघितला.

"दुखतंय का?"

"न्हाई ओ. काय बी न्हाई."

त्यांचा चेहरा बदलला. "काय बी न्हाई म्हणूनच चल. उद्या माझ्यासंगं. आडेवेडे घेऊ नको."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. पेन टेकलं की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी मीच विचारलं, "कधी सुरू करताय?"

मी डोळे उघडले. कोपरापासून करंगळीपर्यंत निळे ठिपके होते. ओळीने, नीट, एकसारख्या अंतरावर. माझ्याच हातावर कुणीतरी शाईने काम करून गेलं होतं आणि मी घरी नव्हतो.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. मी शेजारी बसलो तशी तिने पदर गोळा करून घेतला. दार पातळ होतं. तिने ऐकलं होतं.

कागदावर हा रोग कधीच संपलाय. त्यामुळे तो ओळखायला शिकवलेली माणसंही कमी झाली. संपलेल्या रोगाच्या पेशंटने तक्रार कुणाकडे करायची, हे मला कुणी सांगेल काय?

ताट

घरी आईने माझं ताट वेगळं काढलं. स्टीलचं, काठाला पोचा आलेलं, वडिलांचं. ते धुवून ती खिडकीत उपडं ठेवायची, इतर भांड्यांना लागणार नाही असं.

मी तिला सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या की हा रोग दुसऱ्याला लागत नाही. आणि ताटाने तर कधीच लागत नव्हता.

"व्हय, व्हय," ती म्हणाली. "मला कुठं काय वाटतंय?" आणि ताट खिडकीत.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही एक गोळी घ्यायची असते, सावधगिरीची. आशाताई घरोघर वाटत फिरल्या. माझं नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. सगळ्यांनी आमच्या दाराकडे बघतच पाण्याचा घोट घेतला. वाटप झाल्यावर आशाताई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "दमले बया. च्या टाक रं. तुझ्याच हातचा." त्यांनी तो चहा वस्तीसमोर फुंकून फुंकून प्यायला, संपायला जेवढा उशीर लावता येईल तेवढा लावला. असे उपकार फिटत नाहीत. फेडायचेही नसतात.

कर्जतहून देवळालीला एसटीला वेळ लागतो, बातमीला लागत नाही.

सोनलला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आई साडीचोळी घेऊन तिला आणायला गेली. व्याह्यांच्या दारातच विहीणबाई उभ्या होत्या.

"या विहीणबाई, बसा, जेवून जावा. पोरगी मात्र न्हाई यायची."

आई त्याच दिवशीच्या एसटीने परत आली. साडीची पिशवी न उघडता पेटीत टाकली.

त्या घरावर निळा झेंडा आहे. सोनलचे सासरे दरवर्षी जयंतीला माइकवर उभे राहून सांगतात की त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नाही, पाणी वरून ओतायचे. सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. खोटा नसतो तो आवाज, मी ऐकलाय. मला एवढंच विचारायचं आहे: वरून पाणी ओतणं काय असतं हे ज्याच्या घरात माहीत आहे, त्या घराने माझ्या आईला दारातून परत पाठवताना काय आठवलं?

हौद

पुढं कोपराची शीर सुजली. दुखणं असं की रात्र-दिवस कळेना. सगळं बधिर आणि त्या बधिराच्या आत ठणका. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं ते सरळ होईना. लांबच्या एका जुन्या कुष्ठरोग हॉस्पिटलात मला भरती केलं. औषधांनी तोंड सुजून गोल झालं, अंग काळपटलं. आईने वस्तीत सांगितलं, पोरगा पुण्याला कंपनीत लागला.

तिथला दिवस पायांपासून सुरू होतो. चहाच्याही आधी सगळ्यांनी व्हरांड्यातल्या सिमेंटच्या हौदात पाय सोडून ओळीने बसायचं. भिजवा, घासा, तेल लावा. मग तळवा उलटा करून बघा, खडा रुतलाय का, काच घुसलीय का. कळत तर नाहीच. आपलाच पाय बाजारातल्या जनावरासारखा तपासायचा. शेजारच्या माणसाच्या पायात खिळा निघाला एकदा. तो खिळ्यावरून दोन दिवस फिरत होता. त्याने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "माझ्याच चपलीचा हाय की." सगळे हसलो. घरी गेल्यावर मात्र हे कुणाला सांगू नका, तिथे कुणी हसत नाही.

फिजिओथेरपीच्या मॅडम माझा वाकडा हात दोन्ही हातांत धरून बोटं ताणायच्या. हातमोजे न घालता. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातांकडेच बघत राहिलो. बोटांना काम हवं म्हणून त्यांनी मला मातीचे गोळे वळायला दिले, हरभरे वेचायला दिले. मला संताप आला. मी काय बालवाडीत आहे?

व्हरांड्याच्या टोकाला पारूआजी विणत बसायची. खर्ड्याकडची. तरुणपणी घरच्यांनी आणून सोडली, ती मागच्या खोल्यांतच राहिली. बोटं निम्मी. उरलेल्या पेरांत सुया धरून ती लोकरीच्या नळ्या विणायची. ज्यांचे पाय अर्धे कापलेत त्यांच्यासाठी मोजे.

मी म्हटलं, "आजी, मोज्याला टाच कुठाय?"

"आमच्यात टाच पहिली जाती," ती मान वर न करता म्हणाली. "ज्याची हाय त्यानं मिरवावी."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लई बोलतोस. शिकतो का?"

उलट, सुलट

शिकलो. का, ते स्पष्ट सांगतो. छंद म्हणून नाही, मन रमवायला नाही.

बाळ झालं की माहेरहून बाळंतविडा जातो. झबली, दुपटी, टोपडं, पायमोजे. मी ठरवलं, ते मोजे माझे असतील. माझ्या हातचे, माझ्या नावाचे. सोनलचं लेकरू ते घालेल आणि तिचं सगळं सासर बघेल. दुसरं काही नको होतं मला. मी मोर्चे काढलेत, हाही मोर्चाच होता. फक्त वीतभर लांबीचा.

मॅडमनी पिवळी लोकर आणून दिली. दोन सुया आजीच्या. आधी सुईवर टाके घालायचे, मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट. पट्टी झाली की कडा शिवायच्या, पुढचं टोक ओढून बंद करायचं. झाला मोजा. ऐकायला सोपं आहे.

अडचण करंगळीची. धागा करंगळीला गुंडाळून घ्यायचा असतो, तिथंच तो ताणून धरला जातो. माझी करंगळी धागा आहे की नाही हेच सांगेना. धागा सैल सुटायचा, टाका घसरायचा, खालच्या चार ओळी उसवायच्या. मी वैतागून सुया आपटल्या.

"आपट, आपट," आजी म्हणाली. "कलेक्टर कचेरी हाय नव्हं ही. घोषणा दे एक."

"करंगळीला कळत न्हाई तर मी काय करू?"

"मंग तिला इचारतोस कशाला? ती मेली. मधल्या बोटावर घे धागा. आन् डोळं हायेत ना? बघ की."

मधल्या बोटावर घेतला. डोळे धाग्यावरून हलवायचे नाहीत, कुणी हाक मारली तरी. पहिली पट्टी एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद, मधे भोकं. आजीने ती उजेडाला धरली.

"चाळन झाली. पीठ चाळाया घे."

पुढची बरी झाली. त्याच्या पुढची आणखी बरी. एक मोजा शिवून तयार झाला आणि दुसरा अर्ध्यावर आला, तेव्हा मला पिवळ्यावर लाल दिसलं. मी थांबलो. तयार मोजा मांडीवर होता, त्यावरही डाग. सुईचं टोक करंगळीच्या बगलेत घुसत होतं, कधीपासून कोण जाणे. छोटीशी खोल जखम झाली होती. आणि मी शांतपणे सुलट, उलट, सुलट करत होतो.

मॅडम रागावल्या. पट्टी बांधली, विणणं बंद. मी तो तयार मोजा आणि अर्धी पट्टी उचलली आणि ड्रेसिंगच्या कचऱ्याच्या बादलीत टाकली.

आजीने ते बघितलं. "का टाकला?"

"रक्त लागलं."

"धुवून निघतं."

"लहान लेकराचं हाय, आजी."

"आस्सं." ती किती तरी वेळ हसली, दात नसलेल्या तोंडाने. "आन् तू लोकांस्नी सांगतोस, लागत न्हाई. आता बोल की. दे भाषण."

गोळ्या चालू होत्या, रोग माझ्यातून कुणाकडे जाणार नव्हता, हे मला माझ्या नावाएवढं माहीत होतं. तरी माझ्या हाताने मोजा टाकला. डोक्याला पत्रक वाचता येतं, हाताला येत नाही. मी विहीणबाईंवर जेवढा चिडलो होतो तेवढाच चिडलेला आहे, आजही. फक्त त्यांच्या भीतीची चव मला माहीत झाली.

बोट भरल्यावर मॅडमनी सुयांची टोकं घासून बोथट करून आणली आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

कुणाच्या नावाने

आई भेटायला आली तेव्हा जोडी तयार होती. टाच नव्हती. टाच वळवायला आजीलाच येत नव्हतं, आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाला ती लागतही नाही. आईने मोजे हातात घेतले. तिच्या तळव्यावर ते दोन लिंबांएवढे होते. किती तरी महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं.

"लई गोड झालेत रं." मग मोजे पिशवीत ठेवत म्हणाली, "मी इनले म्हणून देते."

"का?"

"का म्हंजे?"

"माझं नाव सांगायचं. नसेल सांगायचं तर ठेव इथं."

"आरं, तुझं नाव सांगितलं तर चुलीत घालतील!"

"घालू दे."

"तुझं तेवढंच," आई रडायला लागली. "घालू दे. पडू दे. मरू दे. तुझ्या त्या हाताच्यापायी माझी लेक माझ्या दारात आली न्हाई."

माझ्या हातापायी नाही, लोकांच्या अडाणीपणामुळे आली नाही, असं मी म्हणणार होतो. पण आईने फोन लावला आणि तो माझ्या कानाला धरला. पलीकडे सोनल. आवाज थकलेला, दिवस भरत आलेले.

"दादा, आईनं इनले म्हणून सांगू दे."

"सोनल, खोटं का बोलायचं? आपण काय गुन्हा केलाय?"

"काय बी न्हाई केला. पन दादा, खरं तू बोलशील, ऐकून मी घेईन. या घरात मी ऱ्हाते. तू न्हाई."

एवढं सरळ वाक्य मला आजपर्यंत एका पत्रकात लिहिता आलेलं नाही. मी फोन आईला दिला. मोजे पिशवीतच राहिले.

मुलगी झाली. हिवाळ्याच्या तोंडावर. देवळालीच्या उसाच्या पट्ट्यात थंडी ओली असते, सोनलने मोजे रोज घातले. विहीणबाईंनी आईला निरोप धाडला, "विहीणबाई, हात चांगला हाय तुमचा, टोपडं बी इना." आईने तो निरोप मला सांगितला आणि मग पदर तोंडाला लावून बसली. टोपडंही मीच विणलं.

मांडी

मी घरी आलो. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, डॉक्टरांनी बरा झाल्याचं लिहून दिलं. शेजारचं बोट बऱ्यापैकी सरळ झालं. करंगळी झाली नाही, होणारही नाही. मंडळाची पोरं येतात. खळ ढवळायला आता काठी आहे.

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मी या गोष्टीच्या विरोधात आहे. जावळ, पाचवी, सटवाई बंद करा, असं आमच्या विहारात मीच पत्रक वाटलं होतं. सोनलने फोनवर तेवढ्यातही टोमणा मारला. "तूच म्हनत हुतास ना बंद करा? झालं बघ. तुझ्यापुरतं बंद झालं."

मला बोलावलं नाही. चुलत भावाला बोलावलं. मी मोर्चात पोलिसांच्या काठ्या खाल्ल्यात, पण त्या दुपारी घरात बसून राहण्याएवढं अवघड काही केलं नाही. जी रीत मला मान्य नाही तिच्यातून हाकलल्याचं इतकं का लागावं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आईही गेली होती. जाताना तिने मला वाढून ठेवलं. साध्या ताटात. पोचा आलेलं ताट खिडकीत नव्हतं.

संध्याकाळी फोटो आला. भाऊ पाटावर मांडी घालून बसलाय. त्याच्या मांडीवर माझी भाची, डोकं गुळगुळीत, तोंड वासून रडतेय. पायांत पिवळे मोजे. आता घट्ट होत होते.

मांडी दुसऱ्याची, मोजे माझे.

हे लिहून झाल्यावर मी आधी सोनलला फोनवर वाचून दाखवलं. छापू नको म्हणाली असती तर फाडलं असतं. ती म्हणाली, "छाप."

"घरात कळंल, सोनल."

"कळाया पायजे. सासूबाईंना अक्षर लागत न्हाई, मीच वाचून दावते."

"आणि त्या बोलल्या म्हणजे?"

"ऐकायचं तर मलाच हाय, दादा. मंग वाचते बी मीच."

म्हणून हे शेवटचं तुमच्यासाठी, मावशी. वाचतेय सोनल, पण बोलतोय मी. तिला मधे थांबवू नका.

माझ्या आईला विणता येत नाही. तिला साधे टाकेही घालता येत नाहीत. ते मोजे आणि ते टोपडं मी विणलं, या हाताने. तुमच्या नातीने ते मोजे अख्खा हिवाळा घातले. तुम्ही स्वतः तिच्या पायांतून काढलेत, धुतलेत, पुन्हा घातलेत.

आता तिला मांडीवर घ्या. मोजे काढा. तिच्या तळपायाला बोट लावा, हळूच, नखाने.

पाय मागं घेतला ना तिने? तिला सगळं कळतंय.